उजव्या भिंगाचं कडं

ऑक्टोबर संपता संपता वारा पडला
आणि सोर्वेच्या टोकावरून दिवसभरात
फक्त एकसष्ट लांबशेपट्या बदकं गेली.
वहीत आकडा लिहिला. खालच्या ओळी रिकाम्या.
रात्री सूप, रायचा काळा पाव,
आणि झोप येईना.

दुर्बीण गळ्यातच होती. ती असतेच.
आठ पट, बेचाळीस मिलिमीटर,
डाव्या बाजूच्या रबराच्या जागी
सायकलच्या ट्यूबचा तुकडा,
पट्ट्यावर मीठ चढलेलं.
दीपगृहाचा झोत सारखा अंगण झाडतो
म्हणून सॉनाच्या मागे गेले,
रचलेल्या सरपणाला पाठ लावली,
कोपरं गुडघ्यांवर रोवली.
नाहीतर थंडी वाजते मला
आणि हुडहुडी भरते ताऱ्यांना.

पहिली गंमत ही, की चाक फिरवावंच लागलं नाही.
सकाळी ते दोन किलोमीटरवरच्या बदकावर लावलं होतं,
रात्री गुरू त्याच खुणेवर.
भिंगाच्या लेखी एवढंच असावं:
जवळ, आणि मग दूर.
दूरच्या आत आणखी खोल्या नाहीत.

पण उजव्या डोळ्यात गुरूला फराटा होता,
कृत्तिकांना एकेकीला मिशी.
डावा मिटून पाहिला, उजवा मिटून पाहिला,
स्वेटरच्या टोकानं काच पुसली,
वय आठवून स्वतःवर संशय घेतला.
तेवढ्यात बोटांना लागली चिकटपट्टी.

कालियोची पट्टी.
त्याच्या उजव्या डोळ्याला जुळवलेलं कडं
हलू नये म्हणून त्यानं गुंडाळलेली,
दुर्बीण मला देताना काढायची राहिलेली.
अकरा वर्षं मी अर्धं आभाळ
त्याच्या डोळ्यानं बघत होते
आणि एकाही बदकानं तक्रार केली नाही.
बदकाला अंग असतं, पंख असतात, घाई असते,
जरा पुसट झालं तरी बदक ते बदकच.
ताऱ्याकडे नुसतं एक टोक.
तो सांभाळून घेत नाही.

नखानं पट्टी सोलली. डिंक काळा पडलेला.
कडं कुरकुरलं, आत वाळूचा कण असणार,
मग अर्ध्या गव्हाएवढं सरकलं
आणि फराटा
गोगलगाईसारखा आपल्या घरात शिरला.

काय सांगू.
कृत्तिका नुसत्या डोळ्यांना सहा, हट्टानं सात;
तीस झाल्या आणि मी मोजणं सोडलं.
गुरूच्या शेजारी ठिणग्या, एका रेषेत,
तारेवर बसल्यासारख्या.
आणि डोक्यावर ती पांढुरकी पट्टी.
आमच्याकडे तिला नदी म्हणत नाहीत,
पक्ष्यांची वाट म्हणतात.
तिच्याखाली तीस वर्षं खुर्ची टाकून
मी क्षितिज तेवढं मोजलं.
पीठ होतं, त्याचे दाणे झाले.
खिशातल्या मोजणीयंत्रावर अंगठा
आपोआप टक टक करत राहिला
कशाचे ते न विचारता.

मध्येच अंधारातून एक थ्रश
बारीक शीळ ओढत दक्षिणेला गेला.
दुर्बीण वळवली. अर्थात दिसला नाही.

पट्टी टाकवेना.
कड्याच्या जुन्या जागी
नातीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला,
कधी तो आलाच तर.

सकाळी टार्टूला फोन लावला, त्याच्या मुलीकडे.
आता दोन्ही डोळ्यांनी त्याला
खिडकी कुठं आहे एवढंच कळतं.
पट्टीचं बोलले नाही. गुरूच्या चंद्रांचं बोलले.
"किती?" तब्येत नाही, हवा नाही, एकदम किती.
तीन, म्हटलं. चौथा मागे गेला असेल.
"मग तीन लिही, हिल्वे.
'असेल' लिहायचं नसतं."

लिहिलं.
रात्र, वारा नाही.
थ्रश एक, आवाजावरून.
चंद्र तीन, आग्नेयेला.
अंतराच्या रकान्यात
बदकांना लिहिते तेच.