लाटेवर लाट

भांडुप, गाळा नंबर सतरा, रात्रपाळी.
चकात बत्तीस मिलीचा बार, हातभर बाहेर,
आणि टूल टेकलं की सुरू होतं ते रडणं.
कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं नाही,
ते थांबतं तरी.
हे पत्र्यावर नख ओढत कुणी
कुर्ल्यापासून ठाण्यापर्यंत चालत जावं तसं.

शाफ्ट उतरवला, पुसला, दिव्याखाली धरला.
बांगड्याच्या पाठीवर असतात
तशा तिरप्या लाटा, अंगभर.
रेगो त्यावर अंगठ्याचं नख फिरवतो,
काही बोलत नाही,
लाल पेन्सिल काढतो.
एकोणचाळीस नग.

मी काय केलं नाही?
कट कमी केला. फीड वाढवला.
बारीक नाकाची नवी इन्सर्ट लावली,
टूल आत ओढून कसलं,
टेलस्टॉक दाबला.
बाराशेचा स्पीड अकराशेवर आणला:
दोन नग गप्प,
तिसऱ्याला परत तेच, खालच्या पट्टीत.

मोंडकर चहाचा ग्लास घेऊन आला.
एक कान त्याने लेथांना देऊन टाकलाय, चाळीस वर्षांत.
उरलेल्या कानाला लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ लावली,
टोक हेडस्टॉकच्या ओतिवाला.
डोळे मिटले, डॉक्टरसारखे नाहीत,
आमटीतलं मीठ बघणाऱ्यासारखे.
"ह्येका आठावता गो," म्हणाला.
"मागच्या फेऱ्यात काय झाला, ता सगळा आठावता."

मग ग्लासच्या ओल्या तळाने टेबलावर गोल काढला.
टूल एकदा थरथरलं, धातूवर लाट राहिली.
बार एक फेरी घेऊन आला,
टूलपुढे तीच लाट.
ती कापताना टूल पुन्हा उचलतं,
जुन्या लाटेवर नवी, केसभर मोठी.
गती एकच असली की
लाटेला वेळ पाठ होते.

(इथे मला उगाच दादा आठवला.
खोलीच्या कागदांवरून रोज रात्री
मी म्हणते, आईने सांगितलं होतं,
आणि त्याच शब्दाला तो ताट सरकवतो.)

"तिची वेळ चुकव."
त्याने ओव्हरराइडचा खटका चिमटीत धरला:
शंभर, नव्वद, शंभर, एकशेदहा,
मोटर झोपाळ्यासारखी चढली, उतरली,
आणि रडू पाहणारं ते
तोंड उघडून तसंच राहिलं.
पट्ट्याच्या लेथवर, म्हणे, तो
धावत्या पट्ट्यावर तळहात टेकवायचा.
म्हणून त्याच्या तळहातावर रेषा नाहीत.

सकाळपर्यंत खटका कोण फिरवणार?
मी ते प्रोग्रॅममध्ये घातलं.
बाराशे, तेराशे, बाराशे, अकराशे,
कट चालू असतानाच.
आधी हेलकावा फार संथ झाला,
लाटेला सावरायला फुरसत मिळाली, ती आली.
मग इतका घाईचा, की मोटर कुरकुरली,
ड्राइव्हने लाल दिवा दाखवला.
मधे कुठेतरी, दीड सेकंदाच्या आसपास,
पावणेचारला,
शाफ्ट निघाला.

थरथर सगळी गेली का? नाही.
उजेड तिरपा पडला की चकपासून चार बोटांवर
एक धूसर पट्टा अजून दिसतो.
पण त्यात सूर नाही. माणसं पांगल्यासारखा.

मोंडकर जिना उतरता उतरता ओरडला,
"आटे पाडताना बंद कर हां!
थय एकच गती, नायतर आटो चुकतलो!"
मी हो म्हटलं. त्याच्या कुठल्या बाजूने,
ते बघायचं राहिलं.

नऊला रेगो आला.
नख फिरवलं. सरकलं.
पेन्सिल खिशाबाहेर अर्धी आलेली.
त्याने शाफ्ट उलटा केला,
आणि दुसऱ्या टोकाकडून
पुन्हा फिरवलं.