जखमी क्रमांक सात

मे महिन्यातला रविवार. समाजमंदिराच्या तापल्या पत्र्याखाली
गावित सरांनी आमच्या गळ्यांत पुठ्ठे अडकवले.
माझ्यावर लिहिलं होतं : उजवा पाय मोडलेला. शुद्धीवर. ओरडू शकते.
मी विचारलं, ओरडू का?
आधी नको मावशी, शोधायला आले की ओरडा.

चार रविवार शिकवणी झालेली.
दोन बांबू आणि केशरदेवी निषादची नायलॉनची साडी : झाली झोळी.
दोरीची गाठ सरांच्या हातून तीनदा सुटली
तेव्हा विटाव्याचे धाकू केणी मागून उठले,
जाळं विणणाऱ्या बोटांनी एकच वेढा दिला,
म्हणाले, खेच आता.
सरांनी ती गाठ वहीत काढून घेतली.

शिट्टी झाली.
पारसिकच्या उतारावर, गल्लीच्या सगळ्यात वरच्या टोकाला,
संरक्षक भिंतीच्या पायथ्याशी पोतं अंथरून मी आडवी झाले.
एकवीस वर्षं याच गल्लीतून गेले-आले :
डोक्यावर हंडा, काखेत पिको-फॉलच्या साड्यांचं गाठोडं,
भाडं थकलं की तोंडावर पदर.
आडवी कधी पडले नव्हते.

खालून गल्ली निराळी दिसते.
जैतुनबीचा उंबरा सगळ्यांहून चार बोटं खाली.
भिंतीला पाणी सुटायला ठेवलेली भोकं
उंदीर येतात म्हणून आम्हीच बुजवलेली,
कुणी चिंधीने, कुणी उरल्या सिमेंटने.
आणि गटार उतरत उतरत येतं
ते एका ओट्याच्या लाद्यांखाली गडप होतं.
अबोली रंगाच्या लाद्या.
बचत गटाचं कर्ज काढून मीच बसवलेल्या.

कुणी आलं नाही.
खाली टाळ्या वाजल्या. आल्याच्या चहाचा वास चढत आला.
ओरडले. शेजारी मालिका चालू होती,
तिथलीही कुणी ओरडत होती.
ऊन पायावरून पोटावर आलं.
शेवटी निषादांचा धाकटा, पतंग शोधत,
माझ्यावर वाकून बघत : मावशी, तू मेलीस का?
नाही रे, म्हटलं. मोजायची राहून गेले.

सर तसेच पायरीवर बसले.
अहवालातलं ‘यशस्वी’ खोडलं.
मग विचारलं, रात्री या गल्लीत किती माणसं झोपतात?
मतदार यादी एक सांगे, रेशनचं दुकान दुसरं,
भाडेकरूंचं तर मालकही नीट सांगेनात.

सोमवारी मी पहारीने लाद्या उकरल्या.
पाच फुटल्या, दोन शाबूत निघाल्या,
त्या आता जैतुनबीच्या उंबऱ्यावर एकावर एक.
भिंतीच्या भोकांत सळई घातली
तर गेल्या वर्षीचा चिखल बाहेर आला,
अजून ओला.

प्रमाणपत्रावर माझं नाव चुकलंय, ठोंबरेचं ठोंबे.
असू दे. ते डब्यात आहे, गॅसच्या पुस्तकाखाली.
मी वही घेऊन रोज रात्री साडेनवाला निघते.
खरटमोलांचा मधला रबाळ्याला रात्रपाळीला : वजा एक.
केशरदेवीचा भाऊ गावाहून आलाय, खोकतोय : अधिक एक.
जैतुनबीची सून माहेरी बाळंतपणाला : वजा एक,
येईल तेव्हा अधिक दोन, देवाच्या दयेने.
आली जनगणना, पोरं ओरडतात.
येऊ दे ओरडू. ओरडणारे आहेत, म्हणजे आहेत.

लोखंडे मास्तर दार उघडत नाहीत.
मी कडी वाजवते, ते आतून काठी आपटतात, एकदा.
मी एक मांडते आणि पुढे जाते.
काल काठी वाजायला वेळ लागला.
कान दाराला लावून उभी राहिले.
मग वाजली. पुन्हा वाजली.

मास्तर, दोनदा का? कोण आलंय?
कुणी नाही, आतून आवाज आला,
दुसरी तुझी.
तू स्वतःला कुठे मांडतेस?

दिव्याच्या खांबाखाली वही उघडली.
चैत्रापासूनची पानं उलटून पाहिली.
एकशे त्र्याहत्तर लिहिलं होतं,
ते खोडलं.