घरचा अभ्यास

मंगळवार, शुक्रवार
सिडकोतून रिक्षाने त्र्यंबक नाका.
शर्वाणी ताई 'प' म्हणून घेते,
मेणबत्ती विझवून घेते,
फुंकर निम्मी गालातूनच सांडते.

घरी हा तक्ता :
पाणी, चहा, पंखा, संडास, दुखतंय.
तांबट लेनमध्ये चाळीस वर्षं
ठोक्यांच्या वर आवाज चढवून बोललेला माणूस
आता डाव्या बोटाने बोलतो.

काल आमटी खारट झाली.
बोट सगळ्या चौकोनांवरून फिरलं,
'दुखतंय'पाशी अडलं,
मागे आलं.
मग चमचा उचलून ताटाच्या कडेवर
टण्. टण् टण्.
हंड्याचा पोचा काढताना मारायचे, तसेच.
अख्खी शिवी कळली मला.

मीही उलथन्याने ओट्यावर
दोन ठेवून दिले.

शुक्रवारी ताई वही उघडेल :
घरी किती बोलले?
लिहून घे बाई,
भांडलो.