पाऊणपट

रेवा, तू विचारलंस, कुठला कॅमेरा घेऊ.
जो उसना मिळेल तो घे.
आधी चपला काढ आणि ओल्या वाळूत उभी राहा.
जिथे तुझी टाच रुतते तिथे तिकाटणंही रुतणार.
त्याच्या पायांखाली तीन करवंट्या पालथ्या घाल.
हर्णैत करवंट्या फुकट मिळतात,
लेन्स मिळत नाहीत;
म्हणून खिशात जुन्या धोतराचं फडकं ठेव
आणि खारं बोट काचेला लावू नकोस,
कितीही घाई असली तरी.

ऊन माथ्यावर आलं की जेवून घ्या सगळे.
त्या वेळी चेहरे काळे पडतात, पाणी पांढरं जळतं.
मासळीच्या खोक्याचं थर्माकोलचं झाकण
दोनदा धू,
इंदुबाईच्या हनुवटीखाली तिरकं धर,
डोळ्यांखालचा अंधार निघेल.
(वास येईल. तुला. तिला नाही.)

चालता शॉट हवा तर बैलगाडी आहे.
लिलावाच्या वेळी ती बोटींपर्यंत पाण्यात शिरते.
हरिश्चंद्र पावसेला सांग, भरल्या गाडीत बसव,
रिकामी फार हिसके देते.

आता आवाज.
पैसे असते तर मी इथे घातले असते.
अंधारं चित्र लोक सोसतात,
न कळलेलं वाक्य सोसत नाहीत.
वडिलांची माकडटोपी मी माइकला घातली होती;
वारा लोकरीत अडकतो, बोलणं आत येतं.
बर्फाच्या कारखान्यात अन्वर मुकादमला
आदल्या दिवशी भेट, चहा पी,
मग दहा मिनिटं मोटर बंद माग.
तो सात देईल.
घरातला फ्रिज बंद केलास तर
स्कूटरची किल्ली त्याच फ्रिजमध्ये ठेव,
म्हणजे निघताना आठवेल,
नाहीतर तुझ्या सिनेमापायी त्यांचे बांगडे कुजायचे.
आणि सगळं संपल्यावर, कुणी हलायच्या आत,
एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड कर.
प्रत्येक घराची वेगळी असते.
दोन वाक्यांमधलं भोक
त्याच घराच्या शांततेनं बुजतं, दुसऱ्या नाही.

प्रती दोन, घरं दोन.
संकलनाला बसशील तेव्हा
ज्या शॉटसाठी पहाटे तीनला उठली होतीस
तो आधी काढून बघ.
बहुतेक वेळा सिनेमाला काही होत नाही.
तुला होतं.

हे सगळं मी केलं, बरं का.
साडी जुळवली, कुंकू जुळवलं,
टोपलीतले बांगडेसुद्धा मोजून मांडले,
कारण शॉट शनिवारचा
आणि उलटा शॉट पुढच्या शनिवारचा.
कारखान्याच्या भिंतीला चुना लावून खेळ केला.
इंदुबाई किनाऱ्यावर उभी, नवऱ्याची होडी दिसत नाही,
मान वळवते –
आणि सगळं बंदर हसलं.

मला कळेना.
पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली,
‘बाय सुकतीला उभी ऱ्हायली
नि वळली तं भरती?
मान हाये का काय हाये!’

खुद्द इंदुबाई पदर तोंडात कोंबून हसत होती.
मग मला बाजूला घेऊन तिनं हिशेब सांगितला:
तिथीची पाऊणपट कर, की भरतीची वेळ.
चतुर्थीला तीन.
अष्टमीला सहा, म्हणजे दुपारी बाराला पाणी लांब गेलेलं.
मी म्हटलं, तेव्हाच का नाही बोललीस?
‘तू उभी ऱ्हा म्हनलास,’ ती म्हणाली,
‘इचारलंस कुठं?’

कॅमेऱ्याचं नंतर बघू, रेवा.
चित्रीकरण ठरलं की मला तारीख कळवू नकोस.
तिथी कळव.