जीवनपूर्ती

हुक्केरी डॉक्टरीणबाई कन्नडमधून सांगतात,
ही गुळगी जीवनपूर्ती.
त्यांच्या भाषेत म्हणजे, मरेपर्यंत.
माझ्या मराठी कानाला ऐकू येतं
की हिच्यानं जीवनाची पूर्ती होणार आहे,
आणि मी मान डोलावतो.
सतरा वर्षं डोलावतोय.

मी बोर्ड रंगवणारा माणूस.
खडेबाजार, शहापूर, गोवावेस,
फ्लेक्स यायच्या आधी
निम्म्या दुकानांच्या कपाळावर माझंच अक्षर.
वर कन्नड, खाली मराठी.
कधी खालचं पुसायला बोलावणं यायचं,
कधी तेच परत लिहायला, रात्रीचं.
मजुरी दोन्हीची घेतली.

पहिल्यांदा झालं तेव्हा नऊ रात्री झोपलो नाही.
दुसऱ्या रेल्वेगेटपासून सुरुवात केली
आणि दिसेल त्याला नाव दिलं.
चिंचेवर लिहिलं ‘चिंच’, दोन्ही लिप्यांत.
गटारावर ‘गटार’.
भरमाण्णाच्या म्हशीवर ‘म्हैस’, तिनं हलू नये म्हणून गाणं म्हणत.
रंग उधार, चाळीस लिटर.
सुमित्राचं डोरलं त्यात गेलं
ते मला पावसाळा सरल्यावर कळलं.
पण खरं सांगू? काय अक्षरं होती ती!
‘श’ची तशी गाठ पुन्हा नाही बसली.

नंतरचे चार महिने ‘अ’सुद्धा काढवेना.
ब्रश डब्यात उभे, वाळून हाडं झालेले.
मीही तसाच, भिंतीकडे तोंड करून.

मग गोळी.
जिभेवर नाण्याची चव, रात्रभर तहान,
दर तीन महिन्यांनी रक्त,
मीठ तोडू नका, उन्हात पाणी प्या,
आणि हाताला एक थरथर,
इतकी बारीक की माणसांना दिसत नाही.
कन्नड अक्षर गोल, ते थरथर पोटात घेतं.
मराठीची शिरोरेघ चुगली करते.

एकदा सोडली. कुणाला विचारलं नाही.
महिन्याभरात हात असा की ओळंबा लावून बघावा.
सुमित्राला म्हटलं, बघ की, लागतच नव्हती मला.
ती रेघेकडे नव्हती बघत,
माझ्या डोळ्यांकडे बघत होती.
रंगाचे डबे तिनं कधीच
शेजारच्यांच्या न्हाणीत नेऊन ठेवले होते.
सातव्या आठवड्यात मला कोऱ्या भिंती हाका मारू लागल्या.

परवा लॅबच्या बाकावर
खानापूरकडचा एक पोरगा, बाविशीचा,
कोपरात कापूस दाबून विचारतो,
अण्णा, जन्मभर खायची काय ही?

मीही विचारलंय बाईंना, तीनदा.
म्हणाल्या, पुष्कळांना लागते.
काहींची कमी करून बघतो, वर्षांनी, हळूहळू, नजरेखाली.
तुम्ही मात्र मनानं सोडून पाहिलंत,
तुमचं धाडस मी करणार नाही.
हाताचं बघू, मात्रा बघू, किडनी बघू.

पोराला माझी काठी सांगणार होतो:
शिकाऊ असताना मनगटाखाली दिलेली,
टोकाला चिंधीचा बोळा.
ती किती वर्षं वापरायची
हे मी उस्तादांना कधी विचारलं नाही.
पण थांबलो.
काठी रक्तात उतरत नाही.
काठीसाठी कुणी सुई टोचत नाही.

म्हणून म्हशीची गोष्ट सांगितली.
तो हसला, खूप हसला,
मग म्हणाला, मी पण, बसस्टँडवर...
आणि पुढचं गिळलं.
त्याचा नंबर पुकारला.

रात्री सुमित्रा आतून विचारते,
गोळी खाल्लास काय?
खाऊलोय की.
पडवीत एक बोर्ड आडवा आहे, पिठाच्या गिरणीचा.
वरचं कन्नड वाळलंय.
शिरोरेघ मी शेवटी ओढतो,
काठीवर मनगट, श्वास धरून.
‘पिठाची’ नीट गेली.
‘गिरणी’वर हललीच थोडी.
चिंधी हातात घेतली होती पुसायला.
खाली ठेवली.