पाच सेंटीमीटर खाली

सकाळी सात वीसला मी
ओटच्या सहाव्या वाफ्यात थर्मामीटर खोचते,
पाच सेंटीमीटर खाली,
आणि तीन मिनिटं उकिडवी बसते,
तापलेल्या लेकराच्या काखेशी बसावं तशी.
इथे ताप नाही, उलटं आहे.
साडेअकरा.

वर ऊन तुरीच्या शेंगांपर्यंत आलंय,
मी स्कार्फ सोडून गळ्यात टाकलाय,
खाली अजून रात्रच आहे.

ती कोणी बघत नाही. बघतात ते हिरवं.
युरिया दोनदा, त्यावर पोटॅशची अख्खी गोणी;
असं हिरवं, की आर्वीची एसटी
आमच्या बांधाशी जरा हळू होते.

जागोबांच्या पवळीने ते हिरवं
तीन आठवडे खाल्लं.
पांढरीशुभ्र गवळाऊ गाय, दुसरं वेत.
मी स्वतः कापून दिलं, पेंढीवर पेंढी,
चांगलं काम केल्यासारखं.

चोविसाव्या दिवशी ती उभ्या उभ्या थरथरली.
कान ताठ,
मागचा पाय कुठे ठेवायचा ते विसरलेली.
बादली वाजली तरी दचकली, आणि पडली.
"नजर लागली," शेजारीण म्हणाली.
जागोबा तिच्या मानेवर हात ठेवून बसले होते.
"नजर नोहे. पोट भरलं, अंग उपाशी रायलं."

डॉक्टर वैरागडे फटफटीवरून आले.
मॅग्नेशियमची बाटली मी उलटी धरून उभी,
थेंब इतके सावकाश
की मला माझा युरिया आठवायला वेळ मिळाला.
परत जाताना ते म्हणाले,
"बाजाराच्या दिवशीची बस बघितली ना, ताई?
थंडीत मुळाचं दार अर्धंच उघडतं.
पोटॅश आधी घुसतो, कोपर मारत.
मॅग्नेशियम खालीच राहतं, पिशवी घेऊन."

पवळी संध्याकाळी उठली.
उठून तिने पहिल्यांदा
माझ्या ओढणीचं टोक चघळलं.

त्यानंतर मी जागोबांना बघू लागले.
ते गाईला ऊन चढल्याशिवाय सोडत नाहीत.
आधी मूठभर कडबा, मग पडीतल्या मारवेलचं वाळलेलं,
ज्याला कोणी कधी काही टाकलं नाही,
हिरवं सगळ्यात शेवटी, तेही चटणीइतकं.
"काहून?" विचारलं.
"बाप करे."
मग चप्पल काढून वाफ्यात उभे राहिले,
डोळे अर्धे मिटून, बराच वेळ.
"अजून उठली नाही जमीन," म्हणाले.
मी खोचलं. बारा.

फेब्रुवारीत एकोणीस झाले.
पोटॅश निम्मा केलेल्या वाफ्याचं गवत
प्रयोगशाळेत गेलं, कागद परत आला.
मॅग्नेशियम दशांशाच्या दुसऱ्या घरात
थोडंसं वर सरकलं होतं.
एवढंसं. गाईला उभं ठेवण्याइतकं.
त्या वाफ्याशी एसटी हळू झाली नाही.
साहेबांनी विचारलं, हा फिका का?
मी म्हटलं, हा भरलेला आहे.
ते हसले नाहीत, पण कागद खिशात ठेवला.

माझ्या वहीत एक रकाना आहे, 'शेरा'.
वर्षभर तिथे मी रेघ ओढत होते.
आता तारीख, वेळ, खोली, अंश,
आणि रेघेच्या जागी,
जागोबा काय म्हणाले ते.

अठरा डिसेंबर: झोपली आहे.
एकवीस: कूस बदलली.
पाच जानेवारी: आज ते आले नाहीत,
पायात काटा गेलाय.
मी चप्पल काढली आणि उभी राहिले.
मला फक्त गार लागलं.