सव्वाबारा

आमच्या फीडरवर दोनशे चौदा खांब.
एकूणएक खांबाच्या सावलीत मी कधी ना कधी बसलोय.
खांबाची सावली ती केवढी, वीतभर रुंद,
एक खांदा आत घेतला की दुसरा उन्हात.
मे महिन्यात दुपारकडे ती आखडत जाते
म्हाताऱ्या माणसाच्या झोपेसारखी.

त्या दिवशी एकवीस तारीख. नवतपा लागायला चार दिवस.
तळ्याच्या पाळीवर एकशे सत्तेचाळीस नंबर,
जंपर जळालेला.
काम उरकून झुल्यावरून उतरलो,
बाटली तोंडाला लावली, टेकायला वळलो,
तर जागाच नाही.
शेंड्याची सावली बुडातच जिरलेली.

आधी वाटलं, ऊन लागलं.
खिशातला कांदा चाचपला. होता.
मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं
आणि आईचं बोलणं आठवलं:
ज्याले सावली नाही, थे बाहेरचं.
बुटानं दोनदा जमीन आपटून पाहिली.
आवाज आला.

"काका, हालू नका!"
मुनेश्वरांची त्रिशला, आठवीतली,
बोअरच्या पाइपाचा तुकडा उभा रोवून बसलेली,
शेजारी गवंड्याकडून मागून आणलेला ओळंबा.
मी हललो नाही.
अकरा हजार व्होल्टांनीही मला असं कधी दटावलं नव्हतं.

पाइपात ऊन सरळ विहिरीत उतरावं तसं उतरलेलं,
तळाशी भरलेलं, काठोकाठ गोल.
ती म्हणाली, ओळंबा ओढते तिकडं पृथ्वीचा मध्य.
आता थेच दोरी उलटी वर न्या.
किती वर?
पंधरा कोटी किलोमीटर.
टोकाला सूर्य.

वर बघायची सोय नव्हती.
पण एकतीस वर्षं तारा ओढलेल्या माणसाला
ताण कळतो.
खाली मातीच्या पोटात एक खुंटी,
वर ती जळती खुंटी,
आणि मधे मी, टोपीत, घामेजलेला,
गाठ पडल्यासारखा.

घड्याळात मात्र सव्वाबारा.
बारा कधीच होऊन गेलेले.
"घड्याळ मिर्झापूरचं, ऊन आपलं," ती म्हणाली.
दुपार तिकडून चालत येते.
तीन मिनिटांमागं ती पांढरकवड्याला होती.
एसटीला अख्खी सकाळ लागते, आर्णीचा चहा धरून.
आणि हे ऊन सूर्यावरून निघालं
तेव्हा मी अजून वर झुल्यावर लोंबत होतो.
आठ मिनिटं ते सरळ चालत आलं,
कुठंही न अडखळता,
आणि माझ्या टोपीवर येऊन संपलं.

मग पाइपाच्या पूर्वेला
नखाएवढं काळं फुटलं.
ती वहीत काहीतरी लिहू लागली.
बकऱ्या, हातपंप, शाळेचा झेंड्याचा दांडा,
सगळ्यांना आपापलं परत मिळत गेलं.

जाता जाता म्हणाली,
आता दोन महिने सूर्य आपल्या उत्तरेकडं,
भरदुपारची सावली दक्षिणेला पडन.
मी थबकलो.
जूनमध्ये मी खांबाच्या दक्षिणेलाच बसत आलोय,
नोकरी लागली तेव्हापासून.
बुडाला ठाऊक होतं,
त्यानं डोक्याला कळवलं नव्हतं.

परतताना सूर्य असाच माथ्यावरून जातो, जुलैच्या तेविसाला.
मुद्दाम गेलो त्या पाळीवर.
आभाळ घोंगडीसारखं, तळ्याला नवं गढूळ पाणी,
लाइन सकाळपासून तीनदा ट्रिप झालेली.
पोरगी छत्री बाजूला टाकून पाइप धरून बसलेली.
या वेळी वेळही सरकली होती दहा मिनिटं पुढं.
का, ते तिनं सांगितलं. मला अर्धंच समजलं.

बारा पंचवीस झाले.
पाइपाला सावली नाही, खांबाला नाही, मला नाही.
मी म्हटलं, झालं की मग, दिसलं!
तिनं डोळ्यांवरचं पाणी पुसलं.
"नाही काका. सावली आजबी नाही,
पन कारन येगळं हाये."